उंदराचा कान, माणसाचं गाऱ्हाणं

माणसाच्या कानाचा जो भाग खरोखर ऐकतो, तो जिवंतपणी कुणालाच नीट पाहता येत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना बाहुलीतून थेट आतला पडदा दिसतो. कातडीचा तुकडा काढून तपासता येतो, यकृताचाही काढता येतो. कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातली ही गोगलगायीसारखी नळी, मात्र कानशिलाच्या हाडात खोल बसलेली असते आणि हाडाचा तो भाग शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी. आत इवलीशी जागा, अडीच वेटोळी, सगळं द्रवाने भरलेलं. तपासायला म्हणून तिथून नमुना घ्यायला गेलं, तर जे ऐकू येतंय तेही जायचं. आवाजाची लाट कॉक्लियातल्या पडद्यावरून कशी सरकते, हे जॉर्ज फॉन बेकेसी यांनी पाहिलं आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी ते पाहिलं ते मृतांच्या कानांत.

मी आधी माणसांच्या श्रवणाच्या तपासण्या करत होते, नंतर उंदरांच्या करू लागले. माणसांचं काम सोडून उंदरांकडे कशी वळलीस, असं विचारणारे अजून भेटतात. माणूस आपलं दुखणं सांगू शकतो, पण त्याचा कान उघडून बघता येत नाही. उंदराचा कान बघता येतो, पण तो काहीच सांगू शकत नाही. या दोघांची गाठ घालून देण्याचं काम कुणीतरी करायला हवं. ते वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे आणि मला ते मनापासून मोलाचं वाटतं.

उंदराचा कान म्हणजे माणसाचाच कान लहान आकारात, असं समजून चालत नाही. आपल्याला साधारण २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. उंदराला १ हजारांच्या खाली जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, वर मात्र तो ८०-९० हजारांपर्यंत जातो. म्हणजे आपल्या बोलण्याचा बराचसा भाग त्याच्या ऐकण्याच्या अगदी खालच्या काठाला लागतो आणि त्याचं बोलणं बहुतांशी आपल्या वरच्या काठाच्या पलीकडे असतं. घरट्यापासून बाजूला पडलेलं पिल्लू आईला हाका मारतं. आपण पिंजऱ्यापाशीच उभे असतो, आपल्याला सगळं शांत वाटतं आणि आई मात्र धावत येऊन पिल्लाला तोंडात धरून घरट्यात नेते. हे आवाज खाली आणून ऐकवणारं यंत्र लावलं, की त्या शांत खोलीत केवढा कोलाहल चालला होता ते समजतं. त्यातही एक गोष्ट मला अजून चकित करते. इतक्या जिवाच्या आकांताने हाका मारणाऱ्या त्या पिल्लाला स्वतःची हाक ऐकू येत नसते. उंदराची पिल्लं बहिरी जन्मतात. त्यांच्या कानाची वाट बाराव्या दिवसाच्या सुमाराला उघडते. माणसाचं बाळ आईच्या पोटात असल्यापासून ऐकतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तो फार मोठा ठरतो.

मग इतका वेगळा प्राणी कशासाठी घ्यायचा? कारण आतली मांडणी तीच आहे. माणसाच्या एका कानात ऐकण्याच्या केसपेशी, म्हणजे हेअर सेल, सुमारे १५ हजार असतात आणि उंदराच्या कानात सुमारे ३ हजार. पण दोन्हीकडे आतल्या पेशींची एक ओळ आणि बाहेरच्या पेशींच्या तीन ओळी. आतल्या पेशी मेंदूकडे खबर पाठवतात, बाहेरच्या पेशी आलेला आवाज वाढवतात. दोन्हीकडे मोठेपणी एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये उगवते, आपल्यात नाही. आणि या पेशी घडवणारी जनुकंही बहुतेक तीच.

उंदराला ऐकू येतं की नाही, हे तपासण्याची जुनी पद्धत म्हणजे चुटकी वाजवून कानाची पाळी हलते का ते बघणं. आता जी तपासणी होते ती मला ओळखीचीच होती, कारण तीच मी तान्ह्या बाळांची करत आले होते. बेरा. बाळ दूध पिऊन झोपलं, की कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात टिकटिक सोडायची आणि पडद्यावर मेंदूच्या देठातून उठणाऱ्या लाटा मोजायच्या. उंदराला भूल द्यावी लागते. भुलेत त्याचं अंग गार पडायला लागतं, म्हणून खाली ऊबदार गादी. पापण्या मिटत नाहीत, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांवर मलम. मग कातडीखाली तीन बारीक सुया, एक टाळूवर, एक कानाखाली, एक पाठीकडे. साउंडप्रूफ पेटीचं दार लावायचं आणि बाहेर बसून आवाज पायरीपायरीने कमी करत न्यायचा. ८० डेसिबलला पाच टेकड्या ठळक दिसतात. ६०, ४०, ३०. टेकड्या बसक्या होत जातात, उजवीकडे सरकतात आणि एका पायरीला नुसती खरखरीत रेघ उरते. शेवटची टेकडी ज्या पायरीला दिसली, ते त्या उंदराच्या ऐकण्याचं टोक. आलेख कुठल्या कानाचा आहे हे सांगितलं नाही, तर पहिल्या नजरेत बाळाचा की उंदराचा असा संभ्रम पडावा इतकी त्यांच्यात जवळीक असते. पहिली लाट श्रवणाच्या नसेची, पुढच्या मेंदूच्या देठातल्या थांब्यांच्या. ही पहिली लाट पुढे पुन्हा येणार आहे.

आता एका जनुकाची गोष्ट सांगते, कारण या शास्त्रातलं उत्तम ते सगळं तिच्यात आलं आहे. जपानमध्ये फार पूर्वीपासून लोक हौसेने ‘नाचणारे’ उंदीर पाळत. हे उंदीर स्वतःभोवती गरागरा फिरत आणि डोकं झटकत राहत. ते बहिरेही असतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी नोंदवलं. नाच म्हणून ज्याचं कौतुक होत होतं तो मुळात आतल्या कानाचा आजार होता. तोल सांभाळणाऱ्या पेशी आणि ऐकणाऱ्या पेशी एकाच जातीच्या, आणि त्या उंदरांत दोन्ही नादुरुस्त. अशा गिरक्या घेणाऱ्या उंदरांचा दोष ज्या जनुकात आहे ते २००१ मध्ये सापडलं. त्याचं नाव कॅडहेरिन २३. त्याच वर्षी माणसांतही ते सापडलं, अशर सिंड्रोमच्या एका प्रकारात. या मुलांना जन्मतः ऐकू येत नाही, तोल न सावरल्यामुळे ती उशिरा चालू लागतात आणि पुढे त्यांना रातांधळेपणा येऊन दृष्टीही जात राहते.

हे जनुक नेमकं काय करतं, तेही पुढे कळलं. केसपेशीच्या डोक्यावर उंचीने चढते केस असतात आणि प्रत्येक आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. त्या धाग्याचा वरचा अर्धा भाग कॅडहेरिन २३ चा. आवाज आला की केस झुकतात, धागा ताणला जातो आणि कडीला बांधलेली दोरी ओढावी तशी पेशीची दारं उघडतात. जगात जे काही आपण ऐकतो, कुजबुज असो की ढगांचा गडगडाट, ते या धाग्याच्या ताणातून जातं. तो नसेल, तर बाकी कान कितीही धडधाकट असला तरी उपयोग नाही.

इथे गोष्ट संपत नाही. प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा काळा उंदीर, सी-५७ ब्लॅक-६, याच्या याच जनुकात एका अक्षराचा फरक आहे. १९२१ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेलं हे वाण तरुणपणी छान ऐकतं, पण काही महिन्यांतच त्याचं वरच्या पट्टीतलं ऐकणं ढासळू लागतं आणि म्हातारपणी ते जवळजवळ बहिरं होतं. या फरकाचा उलगडा २००३ मध्ये झाला. म्हातारपणाच्या बहिरेपणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे वाण उपयोगी पडलं. पण ज्यांना कानाशी काही देणंघेणं नाही, स्मरणशक्तीचा किंवा भीतीचा अभ्यास करायचा आहे, तेही हाच उंदीर घेतात आणि त्याला आवाज ऐकवून काहीतरी शिकवतात. वय झालेला उंदीर शिकला नाही, की त्याची स्मृती कमी झाली असा निष्कर्ष निघू शकतो, आणि मुळात त्याला नीट ऐकूच गेलेलं नसतं. मेंदूचं काम करणाऱ्या प्रत्येकाने उंदराची बेरा आधी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. सीबीए नावाचं दुसरं वाण म्हातारपणापर्यंत चांगलं ऐकतं, तेही हाताशी आहेच.

आणि अशरचे उंदीर? त्यांना ऐकू येत नाही, ते गिरक्या घेतात, पण त्यांची दृष्टी माणसांच्या मुलांसारखी जात नाही. बरीच वर्षं हे कोडं होतं. पॅरिसच्या क्रिस्तीन पती यांच्या गटाने दाखवलं, की माणसाच्या डोळ्यातल्या प्रकाशपेशींना जी बारीक बोटांसारखी रचना असते, जिथे अशरशी संबंधित प्रथिनं काम करतात, ती उंदराच्या डोळ्यात जवळजवळ नसतेच. उंदराने कानाबद्दल खरं सांगितलं आणि डोळ्याबद्दल तो काही सांगूच शकत नव्हता.

आता त्या गाऱ्हाण्याकडे येते. श्रवणतपासणीच्या खोलीत एक वाक्य सतत ऐकायला मिळतं. “ऐकू येतं हो, पण कळत नाही. चारजण एकदम बोलायला लागले की नुसता गलका.” तपासणी करावी तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, ठीक निघतो. मग त्या माणसाला सांगितलं जातं की तुमचे कान चांगले आहेत, लक्ष देऊन ऐकत जा. घरचे म्हणतात, सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. माणूस गप्प होतो आणि हळूहळू चारचौघांत जाणं सोडून देतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याची चीड अजून मनात आहे.

२००९ मध्ये बॉस्टनच्या शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी सीबीए उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. तरुण उंदरांना त्यांनी १०० डेसिबलचा आवाज २ तास ऐकवला. दुसऱ्या दिवशी उंदरांचं ऐकणं बरंच खाली आलं होतं. दोन आठवड्यांत ते पूर्ववत झालं. केसपेशी सगळ्या जागेवर. तोवरच्या समजुतीप्रमाणे इथे प्रकरण मिटलं होतं, कान दमला आणि सावरला. पण त्यांनी केसपेशी आणि नसेचे तंतू जिथे जोडलेले असतात ते सांधे, म्हणजे सायनॅप्स, रंगवून मोजले. वरच्या पट्टीच्या भागात ते जवळजवळ निम्मे नाहीसे झाले होते आणि ते परत आले नाहीत. तुटलेल्या तंतूंच्या पेशी पुढच्या दीड-दोन वर्षांत, म्हणजे उंदराच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात, हळूहळू मरत गेल्या. बेराचं टोक पूर्वीइतकंच चांगलं होतं. फक्त मोठ्या आवाजाला उठणारी ती पहिली लाट बुटकी झाली होती.

ऑडिओग्राम एवढंच विचारतो, की सगळ्यात हळू आवाज कोणता ऐकू येतो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडे तंतूही पुरतात. गर्दीत एका माणसाचं बोलणं वेगळं काढायला मात्र पुष्कळ तंतू लागतात. ते गेलेले असले तरी ऑडिओग्रामला पत्ता लागत नाही. तो अहवाल वाचल्यावर मला आठवले ते सगळे ज्यांना “तुमचे कान चांगले आहेत” असं सांगून परत पाठवलं गेलं होतं.

पण लगेच उंदरावरून माणसावर उडी मारणं बरोबर नाही. माकडांवर पाहिलं तेव्हा तशीच इजा व्हायला अधिक मोठा आणि अधिक वेळचा आवाज लागला. जिवंत माणसांत ही झीज मोजण्याचे प्रयत्न झाले, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, कारण माणसाची पहिली लाट मुळातच लहान आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करायला अवघड. सगळ्यात भरवशाचा पुरावा आला तो मरणोत्तर दान केलेल्या कानांमधून. वय झालेल्या माणसांच्या त्या कानांत केसपेशींपेक्षा नसेचे तंतू कितीतरी जास्त गळालेले दिसले. उंदरात काय शोधायचं ते कळलं नसतं, तर त्या जपून ठेवलेल्या कानांत ते कुणी मोजलंही नसतं.

सायनॅप्स मोजायचे, म्हणजे उंदीर जिवंत राहत नाही. हे मोकळेपणाने सांगितलंच पाहिजे. बेरा झाल्यावर गाढ भुलेतच त्याचा शेवट होतो. कानाचं हाड काढून ते मऊ होण्यासाठी द्रावणात ठेवलं जातं. मग सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून, सुरीच्या टोकाने ती इवलीशी वेटोळी सोडवायची. उलगडून ठेवली तर जेमतेम सहा मिलिमीटरची पट्टी. रंग दिल्यावर तिच्यात आतल्या पेशींची ओळ उजळते आणि प्रत्येक पेशीच्या बुडाशी लाल-हिरव्या ठिपक्यांच्या जोड्या. एक ठिपका पेशीचा, दुसरा तंतूचा. जोडी असेल तर सांधा आहे, एकटा ठिपका असेल तर तुटलेला. हे काम करताना मला कधी सवय झाली असं वाटलं नाही आणि ती होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं या कामात सगळ्यांना पाठ असतात. प्राण्याशिवाय भागत असेल तर भागवा, लागतील तितकेच घ्या, त्रास कमीत कमी द्या. माझ्या मते त्यात पहिल्याइतकंच दुसरं तत्त्व कठीण आहे. चुकीच्या वाणाचा उंदीर घेऊन केलेला, काहीच न सांगणारा प्रयोग हा त्या प्राण्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. नेटका, विचार करून आखलेला एक प्रयोग कितीतरी जीव वाचवतो.

उंदीर जिथे चकवतो त्या जागा ओळखून असणं हाही या कामाचाच भाग. जन्मजात बहिरेपणाचं जगात सर्वाधिक आढळणारं आनुवंशिक कारण म्हणजे कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातला दोष. अशी मुलं एरवी ठणठणीत असतात. उंदरात तेच जनुक पूर्ण काढून टाकलं तर पिल्लू गर्भातच दगावतं, कारण उंदराच्या वारेला त्या प्रथिनाची गरज असते. मग ते फक्त कानातून काढण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. काही प्रतिजैविकांमुळे माणसांचे कान जातात, पण मोठ्या उंदराला तीच औषधं एकटी दिली तर त्याचा कान बराचसा तग धरतो. आणि नवजात उंदराच्या कानात केसपेशी नव्याने तयार झाल्या, की बातम्या येतात, ‘बहिरेपणावर उपाय सापडला’. बाराव्या दिवशी ऐकू लागणाऱ्या पिल्लाचा कान पहिल्या दिवशी माणसाच्या गर्भातल्या कानासारखा कच्चा असतो. त्याच्यात जे उगवतं ते सत्तरीच्या माणसात उगवेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. अशा बातमीची कात्रणं घेऊन आशेने आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न बातमी लिहिणाऱ्याला पडत नाही.

म्हणूनच ओटोफर्लिनचं यश मला इतकं मोठं वाटतं. या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या केसपेशी जागेवर असतात, केस असतात, धागे असतात. आतली पेशी फक्त आपली खबर नसेच्या हवाली करू शकत नाही. उंदरांतही अगदी तेच. जनुक इतकं लांब की ते पोचवणाऱ्या विषाणूच्या कवचात मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंत भरून कानात सोडले आणि पेशीने ते आत जोडून घेतले. २०१९ मध्ये हे उंदरांत जमल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ऐकू येण्याचं वय उलटून गेलेल्या उंदरांतही जमलं. कच्च्या कानाचा आक्षेप इथे लागू होत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयातून सहा मुलांचे निकाल आले, पाच जणांना ऐकू येऊ लागलं होतं. त्या मुलांच्या बेराच्या रेघा आधी सपाट होत्या, नंतर त्यांत टेकड्या उठल्या.

या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवजात बाळांच्या ऐकण्याची पहिली चाळणी बऱ्याच ठिकाणी फक्त ओएई या तपासणीवर होते. त्या तपासणीत बाहेरच्या केसपेशींनी उमटवलेला प्रतिध्वनी टिपला जातो. ओटोफर्लिनच्या बाळांत त्या पेशी सुरुवातीला चांगल्या असतात, त्यामुळे बाळ ‘पास’ होतं आणि त्याला काहीही ऐकू येत नसतं. महिने जातात, भाषा शिकण्याचे मोलाचे दिवस जातात. ओएई पास झालेलं बाळ आवाजाला वळत नसेल, दार आपटलं तरी दचकत नसेल, तर “वाट बघू” असं कुणी म्हटलं तरी थांबू नका, बेरा करून घ्या. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची तर ओएई कशीही आली तरी बेरा व्हायलाच हवी.